खांद्यावरची खूण आणि खांद्यावरचा भार

४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाचा सोहळा मालवणच्या समुद्रकिनारी, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने पार पडला. नौदलाच्या अधिकाऱ्यांच्या खांद्यावरील पदचिन्हांत छत्रपती शिवाजी महाराजांच्या वारशाचे प्रतिबिंब यापुढे दिसेल, तसेच नौदलातील हुद्द्यांची नावे भारतीय परंपरेला धरून ठेवली जातील, अशी घोषणा पंतप्रधानांनी त्या प्रसंगी केली. त्याच महिन्याच्या २९ तारखेला ॲडमिरल दर्जाच्या अधिकाऱ्यांच्या स्कंधचिन्हांचा नवा आराखडा नौदलाने प्रसिद्ध केला. सोनेरी बटण, राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन, तलवार आणि दुर्बीण ही त्याची अंगे होत. त्यापूर्वी सव्वा वर्ष, २ सप्टेंबर २०२२ रोजी, नौदलाच्या ध्वजावरील सेंट जॉर्जचा क्रूस उतरून तेथे हाच अष्टकोन आला होता. कोकणवासीयांना या बदलाचा अभिमान वाटला, आणि तो वाटणे अत्यंत स्वाभाविक आहे. ज्या किनाऱ्यावर महाराजांनी आरमार उभारले, त्या किनाऱ्याची आठवण आरमाराच्या खांद्यावर असावी, यात वावगे काहीच नाही.

तथापि अभिमानाचा पहिला भर ओसरल्यावर एक प्रश्न उरतो. पदचिन्ह बदलले म्हणजे नेमके काय बदलले? सैनिकाच्या बाहीवरची फीत आणि खांद्यावरचा तारा ही निव्वळ शोभा नव्हे. कोणाची आज्ञा कोणी पाळावयाची, कोणाच्या चुकीचा जाब कोणी द्यावयाचा आणि कोणास कोठपर्यंत चढू द्यावयाचे, याचा करारच त्या वीतभर कापडावर लिहिलेला असतो. हा करार महाराष्ट्रात वेळोवेळी कसा पालटत गेला, हे ज्यास ठाऊक नाही, त्याचा नव्या चिन्हाविषयीचा आनंद खरा असला तरी अपुरा राहतो. आणि तो इतिहास समजून घ्यावयाचा तर चिपळूणसारखे दुसरे ठिकाण शोधूनही सापडणार नाही.

शिवकालीन लष्करात हुद्द्यांची उतरंड अत्यंत रेखीव होती. सभासदाच्या बखरीत ती नोंदलेली आहे. पायदळात नऊ पाइकांवर एक नाईक, पाच नाइकांवर एक हवालदार, दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी आणि सर्वांवर सरनोबत. घोडदळात पंचवीस बारगिरांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, पुढे हजारी व पंचहजारी. मात्र या हवालदाराच्या बाहीवर तीन फिती नव्हत्या आणि जुमलेदाराच्या खांद्यावर तारा नव्हता. आज शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि कित्येकदा चित्रपटांतही शिवकालीन सैनिक एकसारख्या गणवेशात कवायत करताना दिसतात. तो सारा उत्तरकालीन कल्पनेचा खेळ होय. त्या काळी दर्जा ओळखला जाई तो पोशाख, घोडा, पालखी, अबदागीर, चौघडा, जरीपटका या मानमरातबांवरून, हातातील शिक्क्यावरून आणि त्याहून अधिक म्हणजे हाताखालच्या माणसांवरून. नाईक तो, ज्याच्या शब्दावर नऊजण उठतात. त्या नऊजणांना त्याची ओळख पटविण्यासाठी कापडाच्या तुकड्याची गरज भासत नसे.

चिपळूण आणि या हुद्द्यांचा संबंध केवळ योगायोगाचा नाही. १६७४च्या फेब्रुवारीत नेसरीच्या खिंडीत सरनोबत प्रतापराव गुजर पडले. त्यानंतर महाराजांचा मुक्काम चिपळुणात असताना लष्कराची पाहणी झाली आणि हंसाजी मोहिते यांस हंबीरराव हा किताब देऊन सरनोबती सांगण्यात आली. राज्याभिषेकापूर्वीच्या याच काळातील महाराजांचे एक पत्र मराठी वाचकांस सुपरिचित आहे. ते चिपळूण परिसरात हलवर्ण येथे तळ देऊन असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना उद्देशून आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणागोटा बेपर्वाईने उधळाल तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरचे दाणे, गवत, लाकूडफाटा, भाजीपाला ओढून आणू लागाल. आणि मग रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, अशा आशयाचा तो खरमरीत इशारा आहे. रात्री दिवा जळता ठेवाल, उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इतक्या बारकाईने ताकीद दिलेली आहे.

हे पत्र बहुधा महाराजांच्या प्रजावात्सल्याचा दाखला म्हणून वाचले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याचा मायना कोणाच्या नावे आहे, याकडे लक्ष क्वचितच जाते. आज्ञा साध्या बारगिराला नाही. जुमलेदाराला आहे, हवालदाराला आहे आणि, कचेरीत बसणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, कारकुनालाही आहे. बारगिराने कुणब्याची काडी उचलली तरी जाब हुद्देदाराने द्यावयाचा, हे त्या मायन्यातच ठरून गेले आहे. बाहीवर खूण नसलेल्या त्या हुद्द्याचे खरे लक्षण हीच जबाबदारी होती. गडावरची व्यवस्थाही त्याच तत्त्वाची. हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे समान दर्जाचे, कारभार तिघांनी मिळून पाहावयाचा. एकाच्या लहरीवर किल्ला सोडावयाचा नाही. गोवळकोटासारख्या खाडीवरच्या दुर्गाकडे आज पाहणाऱ्याने हवालदार या शब्दाचे हे एकेकाळचे वजन आठवून पाहावे.

ते वजन पुढे घटले. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई इलाख्यात पलटणी उभारताना नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार ही देशी नावे उचलली. ती शिपायांच्या तोंडची होती, त्यांत मान होता, आणि त्यामुळे भरती सुकर होत होती. पण नावे तीच ठेवून त्यांच्यातील अधिकार मात्र काढून घेण्यात आला. गडाच्या किल्ल्या सांभाळणारा हवालदार तीन फितींचा सार्जंट झाला. सुभ्याचा कारभार पाहणारा सुभेदार एका कंपनीतला ज्येष्ठ देशी अंमलदार झाला, आणि त्याच्याही डोक्यावर गोरा अधिकारी बसला. सबंध एकोणिसाव्या शतकात कोकणातील, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातील हजारो तरुण या पलटणींत गेले, ते या नव्या उतरंडीच्या पायथ्याशी.

बाहीवरच्या फिती आल्या त्या याच काळात. ब्रिटिश लष्कराने १८०२ साली आपल्या कनिष्ठ हुद्देदारांसाठी त्या सुरू केल्या. पुढे त्या हिंदी पलटणींतही रुळल्या. लान्स नाइकास एक, नाइकास दोन, हवालदारास तीन, हा क्रम आजही कायम आहे. आपल्याकडे फितीचे टोक खाली, तर अमेरिकेच्या लष्करात ते वर. सुभेदार-जमादारांची चिन्हे तर वारंवार पालटली. एकोणिसाव्या शतकात गळपट्टीवर किंवा छातीवर सोनेरी तलवारी होत्या, सुभेदारास दोन आणि जमादारास एक. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या जाऊन खांद्यावर तारे आले. त्याच सुमारास, १९०२ साली, ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या ताऱ्यांचा हिशेबही बदलला. तोवर कॅप्टनला दोन तारे असत. पुढे तीन झाले आणि दोन तारे लेफ्टनंटकडे गेले. परिणामी जुन्या छायाचित्रात खांद्यावर दोन तारे दिसले, तर तो मनुष्य कॅप्टन असू शकतो, लेफ्टनंट असू शकतो किंवा सुभेदारही असू शकतो. छायाचित्राचे साल कळल्यावाचून निवाडा करता येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास या ताऱ्यांखाली लाल-पिवळ्या-लाल रंगांची फीत आली. एकाच आकाराचा तारा, पण त्याखाली फीत आहे की नाही, यावर दोन माणसांमधले सारे अंतर अवलंबून राहू लागले.

ते अंतर केवढे होते? सुभेदार, जमादार हे व्हाइसरॉयच्या सनदेचे अंमलदार. पंचवीस-तीस वर्षे रणांगणे तुडवून पांढऱ्या मिशांचा झालेला सुभेदार-मेजरसुद्धा काल-परवा सँडहर्स्टहून आलेल्या विशीतल्या गोऱ्या पोराच्या खालचा गणला जाई. राजाची सनद हिंदी तरुणांना मिळू लागली ती पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, तीही बोटांवर मोजण्याइतक्यांना. डेहराडूनची लष्करी अकादमी निघाली १९३२ साली. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे मराठी शिपायाच्या खांद्यावरील चिन्ह त्याच्या पराक्रमाची पावती तर होतेच, पण त्याच वेळी ‘याच्या वर नाही’ असे सांगणारी ती कुंपणाची तारही होती.

या कुंपणाबाहेर आणखी एक कुंपण होते, आणि ते परक्याने घातलेले नव्हते. चिपळूणहून उत्तरेस दापोलीचा कॅम्प. पेन्शन घेऊन तेथे स्थायिक झालेल्या सैनिकांत महार समाजातील हुद्देदारांची संख्या मोठी होती. मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, निवृत्तीनंतर काही काळ दापोलीस राहिले. ते लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. पलटणीच्या आवारात ज्याला शिपाई सलाम करीत, जो इतरांच्या मुलांना शिकवी, त्याच्या मुलांना गावच्या पाणवठ्यावर आणि शाळेत कोणती वागणूक मिळाली, हे सर्वश्रुत आहे. सुभेदाराची खूण पलटणीच्या फाटकापर्यंत चाले. वेशीच्या आत जातीची खूण तिच्यावर मात करी. १८९०च्या दशकाच्या आरंभी सरकारने महारांची लष्करभरतीच बंद केली. दापोलीचेच निवृत्त हवालदार गोपाळ बाबा वलंगकर यांनी अनार्य दोषपरिहारक मंडळीच्या वतीने १८९४ साली अर्ज तयार केला, तो ही भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११वी महार पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर १९२१ साली मोडलीही गेली. आणि १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंटची पुन्हा स्थापना झाली. चिन्ह म्हणजे केवळ कापड असते, तर त्याच्या हक्कासाठी अर्ज कोणी लिहिले नसते. ज्यांना खूण नाकारली गेली, त्यांनीच तिची खरी किंमत जाणली.

स्वातंत्र्यानंतर चिन्हे बदलली, आणि तीही गाजावाजा न करता. १९५०च्या प्रजासत्ताकाबरोबर खांद्यावरचा मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले. ब्रिटिश ताऱ्याच्या जागी पाच टोकांचा तारा आला. १९६५ साली जमादार हे नाव जाऊन नायब सुभेदार हे नाव आले. व्हाइसरॉयची सनद संपली. त्या अंमलदारांस ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर म्हणू लागले. आज नायब सुभेदारास एक तारा, सुभेदारास दोन आणि सुभेदार-मेजरला सिंहमुद्रा, आणि त्या सर्वांखाली वेगळेपणाची फीत. मुकुट गेला, सिंह आले, पण मधला थर राहिलाच. त्याच्या समर्थनार्थ सांगण्यासारखे पुष्कळ आहे. जवान आणि तरुण अधिकारी यांच्यामधला तो अनुभवी दुवा आहे, पलटणीची स्मृती तोच सांभाळतो, आणि जवानांतून चढलेल्यास मानाचे स्थान त्यामुळे मिळते. हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु गुलामीच्या खुणा पुसण्याची चर्चा करावयाची असेल तर ती खांद्यावरच्या नक्षीपाशी थांबू नये. ज्या रचनेसाठी ती नक्षी निर्माण झाली, त्या रचनेचाही विचार तीत यावा, एवढे म्हणणे वावगे होणार नाही.

चिन्हे एका फटक्यात नाहीशी करण्याचे प्रयोगही जगात झाले आहेत. रशियात १९१७च्या क्रांतीने अधिकाऱ्यांच्या खांद्यावरचे पट्टे उतरविले, कारण ते झारशाहीचे प्रतीक मानले जात. १९४३च्या जानेवारीत, जर्मनांशी जीवनमरणाचा संग्राम चालू असता, स्टालिनच्या राजवटीने तेच पट्टे परत आणले. चीनने १९६५ साली हुद्देच रद्द केले आणि १९८८ साली पुन्हा सुरू केले. उलट पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मनगटावरील ठळक पदचिन्हे शत्रूच्या नेमबाजांस आयती खूण ठरू लागली, तेव्हा ती अनेकांनी खांद्यावर हलविली. या उदाहरणांचा बोध सरळ आहे. चिन्ह नष्ट केल्याने समता येत नाही, आणि चिन्ह झळकविल्याने शौर्यही येत नाही. सैन्याला ओळख हवी असते. ती ओळख कशाची, हे मात्र समाजाने ठरवावयाचे असते.

नावांच्या बाबतीतही थोडा विवेक हवा. हवालदार, सुभेदार, जमादार हे शब्द मुळात अरबी-फारसीतून आलेले. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले, सरनोबताचा सेनापती झाला. तरीही हवालदार लोकांच्या जिभेवरून गेला नाही. आज तो पोलीस चौकीत भेटतो, पलटणीत भेटतो आणि कोकणात आडनाव म्हणूनही भेटतो. सरनोबत, सरनाईक, सुभेदार ही घराणी तर फितीवाचूनच हुद्दा वाहत आली आहेत. शब्दाचे कूळ परके असले तरी माणसांनी त्यात आपले आयुष्य ओतले की तो आपला होतो. म्हणून नौदलातील हुद्द्यांस नवी नावे देताना तांडेल, सारंग यांसारखे या किनाऱ्यावर आजही वापरात असलेले शब्द विचारात घेतले जावेत. कोशातून काढलेल्या जडजंबाल संज्ञेपेक्षा ते अधिक आपले आहेत. ब्रिटिश अमदानीतील नौदलात रत्नागिरी किनाऱ्यावरच्या मुसलमान दर्यावर्दींचा भरणा फार मोठा होता, हेही विसरून चालणार नाही. वारसा सांगावयाचा तर तो सर्वांचा सांगितला पाहिजे.

आणि तो वारसा सांगावयास पुरावा शिल्लक हवा. चिपळूण, खेड, गुहागर, दापोली या तालुक्यांतील कितीतरी घरांत ट्रंकेच्या तळाशी एखादे पदक, पितळी बिल्ला, उसवलेली फीत, पेन्शनचे पुस्तक किंवा गणवेशातल्या आजोबांचे फिकट छायाचित्र पडून असते. त्यावर साल नसते, पलटणीचे नाव नसते. नातवाला एवढेच ठाऊक असते की आजोबा लढाईत होते. २६ जुलै २००५चा पूर आणि २२ जुलै २०२१चा महापूर यांत वाशिष्ठीचे पाणी घराघरांत शिरले. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातील ग्रंथांचीही त्या पाण्याने मोठी हानी केली. वाचनालयाची हानी निदान सर्वांस दिसली. घराघरांतील ट्रंकांतून जे चिखलात गेले, त्याची गणती कोणापाशीही नाही.

म्हणून या कामी सरकारी घोषणेची वाट पाहण्याचे कारण नाही. एखाद्या शाळेतील इतिहासशिक्षकाने मनावर घेतले तर नववीचा एक वर्ग दिवाळीच्या सुटीत गावातील अशा वस्तूंची यादी करू शकेल. छायाचित्रात मुकुट आहे की सिंह, तारा ब्रिटिश आहे की पाच टोकांचा, गळपट्टीवर तलवार आहे की खांद्यावर तारा, ताऱ्याखाली फीत आहे की नाही, एवढे चार-पाच प्रश्न विचारले तरी छायाचित्राचा काळ पुष्कळसा ठरतो. ज्या कुटुंबात ते आहे तेथील वृद्धांकडून नाव, गाव, पलटण लिहून घ्यावी, छायाचित्राची प्रत करावी आणि एक प्रत गावातील वाचनालयात, पाणी पोहोचणार नाही अशा मजल्यावर ठेवावी. कचेऱ्यांत काम करणाऱ्यांना दप्तर कसे लावावयाचे हे शिकवावे लागत नाही. त्या कौशल्याचा याहून चांगला विनियोग कोणता? मात्र अशा संग्रहात गढीवरच्या सुभेदाराचे छायाचित्र जेवढ्या सन्मानाने लावले जाईल, तेवढ्याच सन्मानाने वस्तीतल्या हवालदाराचेही लावले पाहिजे. नाहीतर वेशीवरचे ते जुने कुंपण वाचनालयातही उभे राहील.

राहिला प्रश्न नव्या चिन्हाचा. नौदलाच्या खांद्यावर राजमुद्रेचा अष्टकोन आला, हे उचितच झाले. परंतु ज्या ४ डिसेंबर २०२३ रोजी त्याची घोषणा झाली, त्याच दिवशी मालवणच्या राजकोट किल्ल्यावर महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले होते, आणि तो पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे नऊ महिन्यांच्या आत कोसळला. तेथे पुढे नवा पुतळा उभारण्यात आला हे खरे; तरीही त्या घटनेने शिकविलेला धडा पुसला जात नाही. प्रतीक उभारणे हे एका दिवसाचे काम असते, ते सांभाळणे हे रोजचे. महाराजांच्या मुद्रेत प्रतिपच्चंद्राची, दिवसागणिक वाढत जाणाऱ्या कलेची उपमा आहे. ती मुद्रा ज्याने अंगावर धारण केली, त्याच्यावर तिच्या अर्थाचेही ओझे येते.

ते ओझे कसे वाहावे, याचा दाखला रायगड जिल्ह्यातील माणगावजवळच्या पळसगावच्या एका तरुणाने घालून दिला आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीचा नाईक यशवंत घाडगे याची तुकडी मशिनगनच्या माऱ्यात सापडली. तुकडीतले सारे पडले किंवा जायबंदी झाले. तो एकटा उरला. एकट्याने त्या ठाण्यावर धावून जाऊन त्याने ते निकामी केले आणि तेथेच त्याला वीरमरण आले. त्याचे वय अवघे बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस त्याला मिळाला तो मरणोत्तर. बाहीवर परक्या राजाने दिलेल्या दोन फिती होत्या. नाईक हा शब्द मात्र नऊ पाइकांचा भार उचलणाऱ्या त्या जुन्या नाइकाचाच होता. भार उचलणारी पाठ ताठ असेल तर खांद्यावरची खूण कोणत्याही नक्षीची असली तरी शोभते. आणि हलवर्णच्या तळावरील जुमलेदार, हवालदार, कारकुनांस जी ताकीद मिळाली, तिचा विसर पडला, तर राजमुद्रेचा अष्टकोनही केवळ भरतकाम ठरेल.